नबवियाला त्यांनी भूत केलं

‘वीज गेल्यावर’ ही मालिका का बिघडली यावर कैरोच्या वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आलं. एकाने लिहिलं, प्रेक्षकांची आवड बदलली. दुसऱ्याने लिहिलं, भुताखेतांचा जमाना सरला. तिसऱ्याने तर असा सिद्धांत मांडला की कुठलीही मालिका इतकी वर्षं चालली की थकतेच, माणसासारखी. हे तिसरे गृहस्थ मला एकदा मुनीरा भागातल्या कॉफीखान्यात भेटले. मी त्यांना म्हटलं, मालिका थकत नसते उस्ताजसाहेब, तिला कोणीतरी मारतं, आणि मारणाऱ्याचं नाव मला ठाऊक आहे. ते हसले. मी हसलो नाही.

पहिल्या वर्षापासून त्या मालिकेचं संकलन माझ्याकडे होतं. ती उभी राहताना मी पाहिली आणि सडतानाही पाहिली, आणि दोन्ही वेळा माझ्या शेजारच्या खुर्चीत विदाद मुर्सी बसलेली असायची. त्यामुळे मालिकेचं सांगायचं तर विदादचंच सांगावं लागेल.

विदाद समन्नूदजवळच्या एका खेड्यातली. खेडं कालव्याच्या काठावर. वडील लवकर गेले, आई नईमाने शेण थापून आणि बदकं पाळून पोरीला शिकवलं. विदाद तंता शहरात शिकली, मग कैरोत येऊन शुब्रा भागातल्या मुलींच्या शाळेत अरबी शिकवू लागली. लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. नवरा घोरायचा आणि खोटं बोलायचा. घोरणं मी सोसलं असतं, एवढंच ती त्याबद्दल सांगायची. बुटकी, आडव्या बांध्याची बाई. आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. शाळा सुटल्यावर रेडिओसाठी श्रुतिका लिहायची आणि ज्या कलाकाराने तिचं वाक्य बदललं त्याला स्टुडिओच्या दारातच गाठायची.

मालिकेची कल्पना मात्र रऊफची, हे मी मान्य करतो. रऊफ तेव्हा सहायक दिग्दर्शक होता. सय्यिदा झैनब मोहल्ल्यातल्या शिंप्याचा मुलगा, काटकुळा, एकच कोट, पण डोक्यात सतत काहीतरी शिजत असलेला. त्याचं म्हणणं असं, की उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा अख्खं घर एका खोलीत जमतं आणि माणसं एरवी न बोललेलं बोलतात. तिथून प्रत्येक भाग सुरू करायचा. वीज गेली, कोणीतरी बोलायला लागलं. एका रात्री एक गोष्ट, पुढच्या आठवड्यात वेगळी माणसं, वेगळी गोष्ट. मुनीरातल्या एका इमारतीच्या गच्चीवर, कबुतरांच्या खुराड्याला लागून त्याने एक खोली भाड्याने घेतली. तिथे विदाद धरून तीन लेखक, रऊफ आणि मी. विदाद कागदाच्या पुडीतून कलिंगडाच्या खारवलेल्या बिया घेऊन यायची आणि सालांचा ढीग रऊफच्या रक्षापात्रात घालायची.

तिचा एकच प्रश्न असायचा. कोणी गोष्ट सांगितली की ती विचारायची, “ही भीती कोणाची?”

आमच्यातल्या एका लेखकाने एकदा तुटलेल्या हाताची गोष्ट आणली. हात रात्री जिन्यावरून सरपटत येतो. विदादने विचारलं, भीती कोणाची. तो म्हणाला, सगळ्यांची. ती म्हणाली, “सगळ्यांची म्हणजे कोणाचीच नाही. घरी जा, जेव, झोप, आणि उद्या स्वतःची घेऊन ये.” तो तणतणत गेला. दोन आठवड्यांनी त्याने एका सरकारी कारकुनाची गोष्ट आणली. त्या कारकुनाने खोटी तक्रार करून आपल्या साहेबाला नोकरीतून घालवलेलं असतं. साहेब वारतो. त्यानंतर कचेरीत रोज दुपारी जेवणाच्या वेळी शेजारच्या बंद खोलीतून साहेबाचा खोकला ऐकू येतो, एवढीच गोष्ट. तो भाग लागला तेव्हा माझी बायको हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली होती. पुढे मला कळलं की त्या लेखकाच्या वडिलांनी खरोखरच असं काहीतरी केलं होतं.

रऊफ तेव्हा डोळे मिटून गोष्टी ऐकायचा. पटली नाही तर सरळ सांगायचा, आणि विदाद त्याच्यावर ओरडायची, तोही ओरडायचा, खुराड्यातली कबुतरं फडफडायची. मग खालून फूल म्हणजे वालाची उसळ आणि ताअमियाच्या वड्या अशी पार्सलं यायची आणि दोघं एकाच पानात खायची. एकदा त्याने तिचाच प्रश्न तिच्यावर उलटवला. तू सगळ्यांना विचारतेस, तुझी कोणती ते कधी सांगितलं नाहीस. विदाद बराच वेळ बिया फोडत राहिली आणि मग तिने नबवियाचं सांगितलं.

नबविया तिची मोठी बहीण. विदाद सहा वर्षांची असताना, नऊ वर्षांची नबविया कालव्यावर भांडी घासायला गेली आणि बुडाली. पातेलं वाहून चाललं म्हणून पुढे झाली असावी. पातेलं त्याच दिवशी सापडलं, पोर नंतर खालच्या गावच्या बांधापाशी. त्यानंतर कित्येक वर्षं नईमा दिवेलागणीला कालव्यावर जायची, पोरीला नावाने हाका मारायची आणि घरी येऊन मुकाट चूल पेटवायची. कोणाला सांगायची नाही. गावात मात्र बोलवा उठली की कालव्यावर हाक मारणारी बाई आहे. तुमचं नाव घेते, तुम्ही ओ दिली की पाण्यात ओढते. पोरांनी तो रस्ता सोडला. मोठी माणसंही अंधार पडायच्या आत म्हशी घरी आणू लागली. विदाद आईच्या झग्याचं टोक धरून मागे उभी असायची, त्यामुळे तिला खरं ठाऊक होतं. शाळेत मुली त्या बाईच्या गोष्टी सांगून एकमेकींना बिलगायच्या आणि ही गप्प बसायची.

मग रऊफ हळूच म्हणाला, ही गोष्ट तूच लिही.

विदादने आईला विचारल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही. ती गावी गेली तेव्हा नईमा उंबऱ्यात बसून मसूर निवडत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “लिही. लोकांना कळू दे की ती मी होते. पण पोरीला भूत करू नकोस. ती काय कोणाला घाबरवणार? तीच बिचारी कोंबड्याला घाबरायची.”

चित्रीकरणाआधी रऊफ स्वतः गावी गेला. नईमाच्या घरी जमिनीवर बसून बदकाचं मांस आणि भात जेवला, तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, अम्मा, तुमच्या गेलेल्या लेकीला मी माझ्या बहिणीसारखं जपेन. मी तिथे होतो. नईमाने त्याच्या खिशात अंडी कोंबली होती आणि परतीच्या वाटेवर मायक्रोबसमध्ये त्यातलं एक फुटलं.

त्या भागात भूत नाही. रक्त नाही. गावकरी घाबरतात, एक तरुण मशाल घेऊन त्या बाईला शोधायला जातो, आणि शेवटी त्याला कालव्याकाठी एक पाठमोरी म्हातारी दिसते, लेकीचं नाव घेत उभी. ती मागे वळते आणि त्याला विचारते, तुला दिसली का रे? संपलं. मी तिथे संगीत ठेवलं नाही. रऊफने ठेवू दिलं नाही, खरं तर. त्याचं श्रेय त्याला.

तो भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातला एक पिकल्या केसांचा माणूस नईमाच्या दारात आला. लहानपणी तो त्या रस्त्यावरून पळत सुटायचा, आणि पुढे स्वतःच्या पोरांनाही त्याने त्या बाईची भीती घातली होती. त्याने नईमाच्या मस्तकाचं चुंबन घेतलं आणि निघून गेला. संध्याकाळी शेजारच्या बायका आल्या आणि तिला घेऊन कालव्यावर गेल्या, सगळ्या मिळून. विदादने मला हे फोनवर दोनदा सांगितलं.

असं होतं ते काम, हे समजलं तरच पुढचा संताप समजेल.

तीन वर्षं मालिका चांगली चालली. मग एका खासगी वाहिनीने ती उचलली आणि हिवाळ्यातून काढून रमजानमध्ये नेली. रमजानमध्ये म्हणजे तीस दिवस तीस भाग, कारण अख्खा देश रोजा सोडून टीव्हीसमोर बसलेला असतो आणि जाहिरातदार पैशांची पोती घेऊन उभे असतात. वर्षाला आठ गोष्टी शोधताना आमची दमछाक व्हायची. आता तीस भाग भरायचे. विदादने सांगितलं, एवढ्या गोष्टी नाहीत. वाहिनीवाले म्हणाले, मग एकेक गोष्ट पाच भाग चालवा. पाच भाग चालवायची म्हणजे भीतीत पाणी ओतायचं. पाणी कळू नये म्हणून मग मसाला.

पहिल्यांदा किंकाळी आली. प्रत्येक जाहिरातीच्या आधी एक किंकाळी, म्हणजे प्रेक्षक उठून जाणार नाही. मग रक्त. मग पांढऱ्या बुबुळांची बाई, मग दोन बायका. दर वर्षी आधीच्या वर्षापेक्षा जास्त, कारण कालच्या डोसाने आज कोणी दचकत नव्हतं. मग मोठे नट आले, आणि मोठ्या नटाला घाबरलेलं दाखवायचं नाही असं त्यांच्या करारात येऊ लागलं. घाबरणारच नाही असा नायक घेऊन भयकथा करायची! विदादने सभेत विचारलं, हा घाबरणार नाही तर मग घाबरायचं कोणी, कॅमेरामनने? सगळे हसले आणि करार तसाच राहिला.

शेवट तर कोणाला माहीतच नसायचे. भाग प्रसारित होत असायचे आणि पुढचे चित्रित होत असायचे. मी संध्याकाळी लागणारा भाग दुपारी कापत बसलेला असायचो, ड्रायव्हर अब्दुल-बासित गाडी चालू ठेवून खाली. एका वर्षी पंधराव्या भागात मेलेलं पात्र विसाव्या भागात जिवंत झालं, कारण त्या नटीचे आठवडे करारात शिल्लक होते. तीन वर्षं ज्या मालिकेत माणसं आपलं पाप मनात घेऊन बसायची, तिथे आता कोण का घाबरतंय हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नव्हतं. लिहिणारे तरी कोण? ‘कार्यशाळा’ नावाखाली भरती केलेली दहा-बारा मुलं. एकाने सुरुवात लिहायची, दुसऱ्याने मधलं. ती मुलं वाईट नव्हती. त्यांना कोणी काही विचारतच नव्हतं.

आणि रऊफ? तो आता रऊफ बे, मोठा साहेब, झाला होता. त्याच्या कंपनीत एकाच वेळी तीन मालिका, एक स्वयंपाकाची स्पर्धा, एक विनोदी कार्यक्रम. ‘वीज गेल्यावर’च्या सभेला तो फोनवरून हजर असायचा, तोही गाडीतून. मुनीराची खोली सुटली होती. कार्यालय झमालेकच्या श्रीमंत वस्तीत गेलं, तिथे काचेची टेबलं होती आणि सालं टाकायची सोय नव्हती. मी त्याला एकदा म्हटलं, तुम्ही संहिता वाचत जा. तो म्हणाला, वग्दी, मला आता वाचायची गरज नाही, मालिका आपोआप चालते. हे त्याने अभिमानाने सांगितलं.

विदाद तरी सोडून का गेली नाही, हा प्रश्न मला लोक विचारतात. वर्षातून एक तरी गोष्ट वाचवता येईल असं तिला वाटायचं, आणि दोन वेळा तिने ती वाचवलीही. शिवाय हट्ट. मालिका माझीही आहे, मी का जाऊ, असं तिचं म्हणणं. त्यांनी तिला काढलं नाही. ‘सल्लागार’ केलं. पडद्यावर नाव, हातात काही नाही. संहिता मागितली की उत्तर यायचं, छापायची आहे, उद्या देतो.

नववं वर्ष. रमजान त्या साली ऑगस्टच्या उन्हात आला होता. रमजान सुरू होऊन आठवडा झाला असेल. विदादला गावाहून आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून नईमाने विचारलं, तुझी माणसं नबवियाचा फोटो परत कधी पाठवणार?

विदादने विचारलं, कुठला फोटो.

मग सगळं बाहेर आलं. महिन्याभरापूर्वी कॅमेरे घेऊन काही लोक गावात आले होते. आम्ही उस्ताजा विदादबाईंकडून आलोय म्हणाले. नईमाने त्यांना चहा दिला, गरम पोळ्या आणि जुनं चीज दिलं. त्यांनी पोरगी कुठे पडली ती जागा दाखवायला सांगितली आणि पंचाहत्तरीला आलेली ती बाई काठी टेकत त्यांच्याबरोबर गेली. नंतर त्यांनी फोटो मागितला. नबवियाचा जगात एकच फोटो होता. गावच्या जत्रेत, मौलिदला आलेल्या फोटोवाल्याने काढलेला. दोघी बहिणी, नबवियाचा हात विदादच्या खांद्यावर. नईमाने तो भिंतीवरून स्वतः काढून दिला, ओढणीने काच पुसून.

विदाद त्याच दुपारी माझ्या संकलन खोलीत आली. मी ख्रिस्ती, रोजा धरत नाही, पण त्या महिन्यात युनिटमध्ये कोणासमोर घोटभर पाणीही पीत नाही. दोघंही कोरड्या तोंडाने बसलो. तो भाग माझ्याकडे आदल्याच दिवशी आला होता आणि मी अजून उघडलेला नव्हता. त्या वर्षीची टूम होती ‘जुनी भुतं परत येतात’. नव्या गोष्टी सुचत नव्हत्या म्हणून जुन्या भागांतली पात्रं उकरून काढायची चालली होती, लोकांना ओळखीचं वाटतं म्हणून. मी भाग लावला.

कालव्यातून एक मुलगी बाहेर येते. पांढरी बुबुळं, हिरवं तोंड, नखं. गावकऱ्यांच्या पायाला धरून त्यांना पाण्यात ओढते. तिचं नाव नबविया. एका घराच्या भिंतीवर तिचा फोटो आहे. खरा फोटो. कॅमेऱ्याने विदादला बाहेर ठेवलंय, फक्त खांद्यावरचा हात तेवढा कडेला दिसतो. त्या फोटोच्या डोळ्यांतून रक्त ओघळतं. शेवटी मोठा विनोदी नट येतो आणि तिला तुपाच्या डब्याने हाणतो. डब्यावरचं कंपनीचं नाव व्यवस्थित दिसेल असा.

विदादने भाग शेवटपर्यंत पाहिला. मी मध्ये थांबवायला गेलो तर माझा हात बाजूला केला. मग विचारलं, रऊफ कुठे आहे.

रऊफ सेटवर होता. शहराबाहेरच्या स्टुडिओत त्या दिवशी संपूर्ण युनिटला इफ्तार होती. लांबच लांब टेबलं, महशी म्हणजे भात भरलेल्या भाज्या, कोंबड्या, चिंचेचं सरबत, वाहिनीची माणसं, जाहिरातदार. रेडिओवर रोजा सोडायच्या तोफेचा आवाज झाला, लोकांनी खजूर तोंडात टाकले, आणि विदाद काही न खाता सरळ त्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे.

“माझ्या आईकडून फोटो कोणी आणला?”

रऊफने तोंड पुसलं. त्याला खरोखरच माहीत नव्हतं असं मला वाटतं, आणि ते मला आजही जास्त वाईट वाटतं. तो म्हणाला, निर्मिती विभागाने आणला असेल, परत देऊ, सोन्याच्या चौकटीत घालून देऊ, बस आधी, चार घास खा.

“तो भाग लावू नकोस.”

“जाहिराती विकल्या गेल्यात, विदाद. मालिका आहे ही. लोक विसरले तुझ्या बहिणीला.”

“तू तिच्या आईच्या घरी जेवलास. काय म्हणाला होतास तेव्हा, आठवतंय?”

रऊफने आजूबाजूला पाहिलं. जाहिरातदार पाहत होते. तो हसला आणि त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आमच्या उस्ताजा अजून गच्चीवरच राहतात. खाली उतरायला तयार नाहीत.”

टेबलावर हशा झाला. विदाद वाकली. मला वाटलं तिला चक्कर आली. तिने पायातली चप्पल काढली आणि रऊफच्या गालावर मारली. एकदाच, पण आवाज टेबलाच्या टोकापर्यंत गेला. सरबत ओतणारा तसाच थांबला. मग ती चप्पल पुन्हा पायात घालून, न लंगडता, न घाई करता, चालत बाहेर गेली. गेटजवळच्या सामानाच्या खोलीतून तिने फोटो मागून घेतला. सामानवाल्याने मुकाट्याने दिला. चौकट नव्हती आणि फोटोच्या वरच्या कोपऱ्यात खिळ्याचं भोक पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी कैरोभर चपलेची चर्चा. दुपारी विदाद माझ्याकडे आली. भाग लागायला दोन दिवस होते.

“वग्दी, यातून तिला किती काढता येईल?”

मी सांगितलं, सगळी काढता येईल, पण मग भाग उभा राहणार नाही.

“आता कुठे उभा आहे?”

आम्ही दारं लावून बसलो. फोटोचं प्रत्येक दृश्य काढलं. नबविया हे नाव जिथे जिथे होतं तिथला आवाज पुसला. पाण्यातून येणारी मुलगी काढली, पाय ओढणं काढलं, तूप काढलं. जवळपास सात मिनिटं गेली आणि जे उरलं त्याला अर्थच नव्हता. काही माणसं एका घरात कशाला तरी घाबरतात, दाराकडे पाहून ओरडतात, आणि मग एकाएकी सगळी खुशीत सकाळचा नाश्ता करतात. मी अब्दुल-बासितच्या हाती तो भाग पाठवला आणि नोकरी गेली असं धरून घरी जाऊन बायकोला सांगून टाकलं. विदादही तयारीत होती. रऊफ येईल, कोर्टात खेचेल, लेखक संघात तक्रार करेल. तिने काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

भाग लागला. वाहिनीने राहिलेल्या वेळात जाहिराती घातल्या.

काहीच झालं नाही. वाहिनीतून फोन नाही. तूपवाल्यांचाही नाही. कार्यशाळेतल्या ज्या मुलांनी तो लिहिला होता त्यांनीसुद्धा विचारलं नाही. एका वर्तमानपत्राने तर लिहिलं, कालचा भाग उत्कंठावर्धक होता. तिसऱ्या दिवशी रऊफचा मला फोन आला. त्याला स्वयंपाकाच्या स्पर्धेची जाहिरात थोडी लहान करून हवी होती.

हे मी विदादला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती हसेल. तिचा चेहरा लाल झाला. चप्पल मारतानाही मी तिला इतकी चिडलेली पाहिली नव्हती.

“भांडायला तरी यायचं त्याने,” ती म्हणाली. “म्हणजे त्याने पाहिलाच नाही. कोणीच पाहत नाहीये, वग्दी. आपण गोष्टीचं काळीज काढून घेतलं आणि कोणाला पत्ता नाही. करणाऱ्यालाच भीती वाटत नाही, तर बघणाऱ्याला कशी वाटेल?”

ईद झाल्यावर तिने पडद्यावरचं नाव काढायला लावलं. त्याच आठवड्यात मीही सोडलं. मालिका त्यानंतर दोन वर्षं फरपटली. शेवटच्या वर्षी ती रमजानच्या मध्यावरच बंद केली, एक गोष्ट अर्धी असताना. त्या गोष्टीचा शेवट काय होता हे आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. आणि तरी लोक लिहितात, प्रेक्षक बदलले. अहो, ज्या प्रेक्षकाने एका पाठमोऱ्या म्हातारीसाठी श्वास रोखला होता, तो होता तिथेच होता. त्याच्यासमोर तुम्ही काय ठेवलंत ते बघा आधी.

विदाद गावी परतली. नईमाला तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही की फोटोचं काय केलं होतं. चौकट फुटली म्हणून नवी केली, एवढंच सांगितलं. खिळ्याचं भोक नव्या चौकटीखाली गेलं. नईमा आणखी सात वर्षं जगली.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी गावी गेलो. दुपार होती, माणसं जेवून पांगली होती. तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि रऊफ उतरला. केस रंगवलेले, पोट सुटलेलं. त्याची कंपनी तोवर बुडाली होती. तो आत येऊन बसला, त्याच जमिनीवर, आणि विदादने त्याला दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी दिली. दिली नसती तरी चाललं असतं, पण घरात आलेल्याला तिने तसं कधी केलं नसतं.

मग तो म्हणाला, रात्री झोप येत नाही तेव्हा पहिले भाग लावून पाहतो. किती चांगलं काम करत होतो आपण. मग त्याने विचारलं, “आपलं नेमकं कुठे चुकलं, विदाद?”

“आपलं म्हणू नकोस.”

तो वाहिनीबद्दल बोलू लागला. तीस भागांची सक्ती, जाहिरातदार, नटांचे करार. सगळं खरंच होतं, मी स्वतः पाहिलेलं. विदादने ऐकून घेतलं.

“वाहिनीने माझ्या आईच्या हातचा भात खाल्ला नव्हता,” ती म्हणाली. “तू खाल्ला होतास.”

त्याने कप खाली ठेवला. थोड्या वेळाने त्याने घसा साफ केला आणि सांगितलं की एक नवी कंपनी इंटरनेटवर मालिका काढतेय, त्यांना ‘वीज गेल्यावर’ पुन्हा सुरू करायची आहे, फक्त सहा भाग, नाव तिचं पहिलं असेल, कोणी ढवळाढवळ करणार नाही, तो स्वतः रोज बसेल. बोलता बोलता त्याचे डोळे पूर्वीसारखे चमकायला लागले होते. मला क्षणभर त्याची दया आली, आणि दया आली म्हणून माझाच राग आला.

विदाद म्हणाली, “कॉफी संपली असेल तर ऊठ.”

तो उठला. दारापाशी थोडा थांबला, भिंतीकडे पाहिलं, फोटो दिसला असावा, आणि गेला. ती जागची हलली नाही. गाडीचा आवाज लांब गेल्यावर तिने कप उचलून मोरीत नेला, नळ मोठा सोडून तो दोनदा धुतला आणि तिथूनच मला विचारलं, भात उरलाय, वाढू का, कैरोची गाडी मिळेपर्यंत तुला भूक लागेल.